पितळेची पिचकारी

धोंडूने पिचकारी ड्रायव्हरच्या सीटखालच्या पट्ट्यात बसवली, चाप खटकन लावला आणि हलवून पाहिली. ढिम्म हलली नाही.

"बसली मां नीट?" मागच्या सीटवरून सत्यवतीने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"रोज बसवतंय मगे. आज काय नवीन आसा?"

सत्यवती नुसती हसली.

मोटार दाजीसाहेबांची. लढाईच्या आधीची, कापडी हुडाची. दाजीसाहेब मुंबईला, आचऱ्याला यायचे ते मे महिन्यात आणि चतुर्थीला. बाकी वर्षभर मोटार धोंडूच्या ताब्यात. आग विझवायचं हे यंत्रही त्यांनीच मुंबईहून आणलं होतं. पितळेचं, लखलखीत, हुबेहूब शिमग्याच्या पिचकारीसारखं. दांडा ओढायचा, दाबायचा, की आतलं औषध चिळकांडीसारखं उडायचं.

"डिकीत टाकायची नाही, धोंडू," दाजीसाहेबांनी बजावलं होतं. "आग काय विचारून लागते? हात खाली गेला की सापडली पाहिजे." समोर उभं राहून त्यांनी पट्टा ठोकून घेतला होता.

दाजीसाहेबांची पाठ वळली आणि धोंडूने आतलं औषध बरणीत ओतून माळ्यावर टाकलं. त्याचा गोडसर वास दिवसभर घरात राहिला होता, डोकं भणभणवणारा. मग पिचकारीत त्याने फेणी भरली.

दारूबंदीचे दिवस. गोव्याची फेणी होडीने आचऱ्याच्या खाडीत यायची आणि कणकवलीला एक सरकारी वकीलसाहेब तिच्यासाठी जीव टाकायचे. तेच वकीलसाहेब दिवसा कोर्टात दारुड्यांना तुरुंगात धाडायचे, ही गोष्ट वेगळी. पिचकारीत मावून मावून एक बाटली मावे. पण आग विझवायच्या वस्तूत दारू असेल, हे पोलिसांच्या बापालाही सुचलं नसतं!

सत्यवतीने मात्र धसका घेतला होता. धोंडू कणकवलीला गेला की तो परत येईतो तिच्या तोंडात घास जात नसे. "तुमका धरून नेल्यानी तर मी खंय जाव?" हे तिचं एकच रडगाणं. एकदा तिने रागारागात बाटली मोरीत रिकामी केली, तेव्हा धोंडूने तिला बेदम मारलं होतं. पुन्हा तिने फेणीचं नाव काढलं नव्हतं.

आज ती बहिणीकडे जायचं म्हणून गाडीत बसली होती. सकाळी अंगणात माळ्यावरची बरणी पालथी घातलेली दिसली, तेव्हा धोंडू चमकला होता.

"ह्यातला औषध खंय गेला?"

"ओतलंय. लोणच्याक बरणी होई होती." तिने डोक्याला फडकं बांधलं होतं. "सकाळपासून डोका भणभणता."

"आणि दाजीसायबान विचारल्यान तर?"

"विचारूचे नाय," सत्यवती म्हणाली.

नाक्यावर हवालदार नवा होता. त्याने पिचकारीवर दांडका टकटकवला.

"हे काय?"

"आग विझवायचं यंत्र, साहेब. मालकांनी मुंबईहून आणलंय."

हवालदार खाली वाकला. नाक जवळ नेऊन त्याने वास घेतला. पण बुचाला मेण लावलेलं होतं, ते उपयोगी पडलं. "जा," हवालदार म्हणाला.

पुढे वळणावर धोंडूने मागे पाहिलं. एरवी नाक्याच्या नावानेही थरथरणारी सत्यवती आज चक्क शेंगदाणे खात होती!

"आज भियालंस नाय?"

"रामेश्वराक गाऱ्हाणा घातलंय. आता तुमका कोण धरूचो नाय."

भोळी गो माझी बाय, असं मनात म्हणून धोंडू हसला. हसत असतानाच रेडा आडवा आला.

गाडी डावीकडे दरडीवर आदळली. पेट्रोलची टाकी पुढे, काचेखालीच. भप्पकन आग लागली. धोंडूने उजवीकडे उडी मारली आणि दाजीसाहेब म्हणाले होते तसा त्याचा हात आपसूक खाली गेला. पिचकारी हातात घेऊनच तो बाहेर पडला.

सत्यवतीचा पाय पुढच्या सीटखाली अडकला होता. डावीकडे दरड. उजवीकडचं मागचं दार तारेने बांधलेलं. कडी तुटून महिने झाले होते आणि धोंडू रोज उद्यावर ढकलत होता. तो एका हाताने तार पिळू लागला. बोटं भाजली.

"अवो, ती मारा! पिचकारी मारा!"

"येडी काय तू? फेणी आसा गो त्यात! भडकतली!"

"नाय! नाय! मारा!" धुराने ठसका लागून तिला पुढे बोलवेना; ती जिवाच्या आकांताने मान हलवत होती, पिचकारीकडे हात पसरत होती.

भीतीने तिचं डोकं फिरलं, असं धोंडूला वाटलं. आगीपाशी ती फेणी हातात धरणंसुद्धा धोक्याचं होतं. त्याने पिचकारी लांब करवंदीच्या जाळीत भिरकावली आणि दोन्ही हातांनी तार धरली. सत्यवतीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती जाळीकडे पाहत राहिली. मग पेटलेलं हुड खाली आलं.

माणसं वहाळाचं पाणी घेऊन धावली, तोवर सगळं आटोपलं होतं. कोणीतरी हवालदाराला आणायला गेलं. धोंडू दगडावर बसून ऊर बडवत होता. बडवता बडवता त्याला पिचकारी आठवली. हवालदार आता सगळं उघडून बघणार. असल्या वेळी आपल्याला हे सुचावं याची त्याला शरम वाटली, तरी तो उठला.

जाळीतून त्याने पिचकारी ओढून काढली. गाडीचा मागचा टायर अजून पेटलेला होता. फेणी तिथेच जाळून टाकली की पुरावा उरणार नव्हता. भडका अंगावर येईल म्हणून त्याने तोंड फिरवलं, दांडा ओढला आणि दाबला.

भडका उडाला नाही. गोडसर वास आला, डोकं भणभणवणारा, आणि टायर विझला.