गोधडीवरचा लांडगा

नेब्रास्कातल्या त्या गावात चर्चच्या तळघरात बायका गोधड्या शिवायला जमायच्या. यंदा प्रत्येकीने नातवंडाच्या आवडत्या पुस्तकातली चित्रं घेतली होती. आर्डिसच्या सहा वर्षांच्या नातीला, टेसीला, मात्र पुस्तकातली मेंढरं नको होती. तिला लांडगा हवा होता.

"आजी, दात अजून मोठे कर."

"अगं, मलाच बघवेनासा झालाय तो. याच्याखाली झोप लागेल का तुला?"

"पोरीला रात्रभर जागं ठेवणार तू," शेजारची लव्हॉन हसली.

टेसी हसली नाही. आजीला बिलगून ती हळूच म्हणाली, "त्याचं तोंड दाराकडे पाहिजे."

तिचे हात गार पडले होते. आर्डिसने वाकून हळूच विचारलं,

"दारातून कोण येतं गं, बाळा?"

"बाबा. पिऊन आले की."

आपल्याच पोटच्या पोराबद्दल हे ऐकताना आर्डिसची सुई जागीच थांबली. मग ती सुई तिने कापडात खोचून ठेवली. "आजपासून तू माझ्याकडेच झोपायचं."

टेसीने मान डोलावली.



"मग ही गोधडी आईला देऊ या," ती म्हणाली.