खोडरबर

शनीच्या कड्यांवर संशोधन करण्यात सरांचा जन्म गेला होता. आपल्या शोधनिबंधांचा उल्लेख इतरांनी कितीदा केला, तो आकडा ते रोज चहाआधी मोबाईलवर बघायचे. कोणी केला ते उघडून बघत नसत. आकडा वाढला की स्वारी खूश. डोक्यात जायचा तो फक्त जुना वर्गमित्र. हा पठ्ठ्या प्रत्येक निबंधात सरांचं म्हणणं खोडून काढायचा, म्हणून सर त्याला ‘खोडरबर’ म्हणायचे.

त्या दिवशी भर परिषदेत तो म्हणाला, “यांना कड्यांचं वय कळत नाही. स्वतःचं तरी माहीत आहे का, विचारा!” सभागृह खो-खो हसलं. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परिषदेच्या प्रदर्शनातल्या दुर्बिणीचं, तोल साधायला लावलेलं लोखंडी वजन उचलून त्यांनी जिन्यात त्याचं डोकं फोडलं. तो निपचित पडला, तरी ते घाव घालतच राहिले. रक्त पायऱ्या उतरत खाली गेलं.

वर्षभराने मुलगी तुरुंगात भेटायला आली. सरांनी आधी तेच विचारलं. “आता खोडणारा कोणी उरला नाही. आकडा किती झाला गं?”



“हललाच नाही, बाबा. तुमचा उल्लेख करणारे जगात ते काका एकटेच होते.”