मशीन बिघडलंय

मासेमारी करणाऱ्या फकिराचं पाण्याची खोली दाखवणारं मशीन कय्युमनं शहागंजातल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात तिसऱ्यांदा उघडून पाहिलं. काहीच बिघाड सापडेना. शेवटी तो कंटाळून गंगापूरकडं, धरणात फकिराच्या होडीवरच आला.

"बाकी धरणात बरोबर चालतंय," फकिरा वल्हं थांबवत म्हणाला. "फक्त इथंच चुकतंय. ह्या पाण्याखाली आमचं गाव हाय. मारुतीचा पार, घरांच्या भिंती. ते दाखवाया मायला होडीत आणलं होतं, तर पडद्यावर नुसतं सपाट. पाणी बी उथळ दाखवतंय. माय म्हणली, मशीन बिघडलंय."

कय्युमनं दोरीला लोखंडाचा तुकडा बांधून पाण्यात सोडला. तळ लागल्यावर ओली दोरी मोजली, मशीनचा आकडा पाहिला. होडी जरा पुढं घेऊन पुन्हा मोजलं. दोन्हीकडं मशीन बरोबर निघालं.

"फकिराभाऊ, मशीनमधी कायबी खराबी नाय," तो दमून म्हणाला. "खाली गाळ भरलाय. पार, भिंती, सगळं गाळात गेलं."

फकिरा ओली दोरी गुंडाळत राहिला.

"मागल्या दुष्काळात पाणी उतरलं, तवा मायनं पारावर नारळ फोडला होता," तो म्हणाला. "तवापासून पुन्हा पाणी उतरायची वाट बघतीया."

मग त्यानं मशीनची वायर काढली आणि मशीन कय्युमच्या हातात दिलं.

"हे तुझ्या दुकानातच राहू दे. माय हाय तवर दुरुस्त करू नको."