दमलेला पट्टा

टॅक्सीच्या सीव्हीटी गिअरबॉक्सचं झाकण उघडून सलमाबी मेकॅनिकने दोन पुलींवर ताणलेल्या मांसाच्या पट्ट्यावर हात ठेवला. पट्टा थरथरत होता.

"घाटाने पार दमवलंय याला. दोन दिवस गाडी हलवायची नाही," म्हणत ती त्याला कोमट तेल चोळू लागली.

टॅक्सीचालक नितेशने मालकाला फोन लावला.

"राहू दे तिथंच. फाटला तर नवा वाढवायला वर्ष जातं," मालक म्हणाला. "तू दुसरी गाडी काढ. महाबळेश्वरचं भाडं आहे."

"शेठ, तोच घाट मीपण चढलोय..."

फोन बंद झाला होता.

नितेशने मांडीवरच्या जुन्या व्रणावरून हात फिरवला. हा पट्टा तिथल्याच मांसापासून वाढवलेला होता.

"सलमाबी, त्याला तरी नीट झोपू द्या," म्हणत तो दुसऱ्या गाडीची चावी आणायला निघाला.