ओळंब्याची दोरी

२००९ साली केरबा गवंड्यांनी घरामागे नवी खोली बांधायला काढली. भिंत मुलगा अंकुश बांधत होता आणि म्हातारे केरबा समोर बसून चुका काढत होते. मधे पोट आलंय म्हणून त्यांनी ती एकदा पाडायला लावली. अंकुशने पुन्हा बांधली.

“परत पोट आलंच.”

“आबा, ओळंबा लावूनच बांधलीय.”

“मग ओळंब्याला दारू पाजली असशील.”

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोला, हौसाबाईंना, हसू फुटलं. केरबांनी आपला जुना पितळी ओळंबा आणून भिंतीवरून सोडला. वजन झुलायचं थांबलं. दोरी मधेच वाकली होती.

वजन टांगलेली दोरी वाकत नाही, हे त्यांनी जन्मभर हाताखालच्यांना शिकवलं होतं. त्यांनी डावा डोळा झाकला. दोरी सरळ झाली. उजवा झाकला, तर पुन्हा वाकली.

“पाडलेली भिंतही सरळच होती रे,” ते म्हणाले. “डोळा वाकलाय माझा.”

डॉक्टर म्हणाले, वयोमानाने डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय. डावा उशिरा आणलात, उजवा जपा. रोज एकेका डोळ्याने पाहायला त्यांनी चौकटींचा कागद दिला; रेघा वाकड्या दिसल्या तर लगेच यायचं.

“माझ्याकडे ओळंबा आहे,” केरबा म्हणाले.

डाव्यातला मधला डाग कायमचा राहिला. उजव्याला दोरी वाकडी दिसली त्याच दिवशी ते डोळ्यातल्या इंजेक्शनला गेले, म्हणून शेवटपर्यंत माणसं ओळखत होते. केरबांच्या मागोमाग हौसाबाईही वारल्या.

ओळंबा अजून त्या खोलीच्या दारात टांगलेला आहे. साठीतला अंकुश कामावर निघताना एक डोळा झाकून दोरीकडे बघतो, मग दुसरा.