आपल्यातला

जलील मौलवी तेल्हाऱ्याहून आमच्या अंजनगावात आले, त्याला एकवीस वर्षं झाली. जुम्म्याच्या बयानात ते नेहमी बजावायचे, "बिरादरीचा आंधळा गर्व म्हंजे असबियत. जो तिच्या मांगं लागला, थो आपल्यातला नाही, असं खुद्द पैगंबरानं सांगतलं." आम्ही सगळे 'सुभानल्लाह' म्हणायचो. पहिल्या रांगेतल्या हाजी रऊफचे तर डोळेच भरून यायचे.

आज सकाळी मौलवी गेले. कबर खोदणाऱ्या मुनीरनं कुदळ खांद्यावर घेतली आणि विचारलं, "हाजीसाब, कबर कोन्या कोपऱ्यात खोदू?"

कबरस्तान हाजींच्या बिरादरीचं. त्यांनी आधी डोळे पुसले, मग घसा खाकरला.



"तेल्हाऱ्याले घेऊन जा त्यायले. मानूस लाख मोलाचा, पन आपल्यातला नाही."