गिरणीतला तिसरा वाटा

पाहुण्यांच्या बशीतले पोहे संपले नव्हते, तोच कुमुदिनीने सांगून टाकलं, "मला इतक्यात लग्न करायचं नाही."

कर्जतची माणसं उठून गेली. मे महिन्यातला हा तिसरा नकार. तिच्या वडिलांचा, चिंतामणीचा, पारा चढला. मुलगा नोकरदार, घर खाऊनपिऊन सुखी, हुंड्याचं नाव नाही. आणखी काय हवं होतं या पोरीला?

तसं काय हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नवा कायदा येऊ घातला होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाएवढा हिस्सा मिळणार होता. मात्र कायदा लागू व्हायच्या आत जिचं लग्न झालं असेल, तिला काही नाही. म्हणून चिंतामणीला घाई होती, आणि म्हणूनच बाईसाहेबांना मुळीच नव्हती.

बेलवलीतली भाताची गिरणी त्याच्या आजोबांच्या वेळची. पंचक्रोशीतलं भात तिथे भरडायला यायचं. चिंतामणी आत कमी आणि दारातच जास्त उभा असायचा. येणारा-जाणारा "काय गिरणीवाले!" म्हणून रामराम घालायचा, आणि त्याची छाती फुगायची. ही गिरणी त्याच्यामागे अनंताची, त्याच्या मुलाची. उद्या कुठल्या जावयाने येऊन तिथे हुकूम सोडायचे, हे त्याला सहन होणार नव्हतं.

शेवटी त्याने थोरल्या मुलीला, विठाला, शहाडहून बोलावून घेतलं.

"तूच समजाव तिला. आई गेल्यावर तूच वाढवलंयस."

विठा धाकटीजवळ जाऊन बसली. "कुमे, बाबांना दुखवू नको गं. भावाशी वाकडं घेतलंस तर माहेर तुटेल."

"ताई, तू यात पडू नकोस," कुमुदिनी तोडून म्हणाली. "तुझं लग्न झालंय. त्या गिरणीत तुला काडीचा हक्क नाही."

विठाचा चेहरा उतरला. चिंतामणीला मात्र राहवलं नाही.

"कुणाला बोलतेस हे? पट्ट्यात माझा हात गेला, तेव्हा ही सोळा वर्षांची होती. दीड वर्ष एकटीने गिरणी चालवली हिने. ही नसती, तर तुला वाटा मागायला गिरणीच उरली नसती! हिने मागितलं का कधी काही? याला म्हणतात लेक!"

बोलता बोलता त्याचा आवाज भरून आला. विठाचा विषय निघाला की त्याचं असंच व्हायचं.

कुमुदिनीने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. "झालं तुमचं बोलून?" एवढंच म्हणाली आणि उठली.

जूनच्या शेवटी कायदा लागू झाला. पुढच्याच आठवड्यात तिने वाटणी मागितली. आळीत कुजबुज सुरू झाली. चिंतामणी दोन दिवस जेवला नाही.

"कोर्टात गेली तर गावभर शोभा होईल," अनंता म्हणाला. "देऊन टाका बाबा. माझी हरकत नाही."

उल्हासनगरच्या वकिलांनी कागद तयार केले. बाप, मुलगा आणि मुलगी, तिघांना सारखा हिस्सा. सह्यांच्या दिवशी विठालाही कुमुदिनीनेच बोलावलं होतं. बिचारीच्या जखमेवर मीठ चोळायला हिने साक्षीदार म्हणून तिलाच आणावं, याची चिंतामणीला चीड आली. विठा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती.

चिंतामणीने सही केली. कुमुदिनीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"मिळाला ना वाटा? आता त्यालाच माहेर समज. माझी मान ताठ ठेवणारी एकच लेक, ती ही विठा. तू माझी कुणी नाहीस."

कुमुदिनीचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही. "बसा बाबा. अजून एक कागद आहे."

"हां साईं, ये भी देख लो," सिंधी वकील फाईल चाळत म्हणाले. "मुलगी मे महिन्यातच सांगून गेली होती. एक साथ दोन कागद बनवा, म्हणाली."

आता आणखी काय ओरबाडायचं राहिलं, म्हणत चिंतामणीने चष्मा लावला.

कागद बक्षीसपत्राचा होता. बेलवलीच्या गिरणीतला आपला सगळाच्या सगळा हिस्सा कुमुदिनीने देऊन टाकला होता, आणि घेणारीच्या जागी नाव होतं विठाचं.